सोयावडीची बिर्याणी बिघडते कुठे? या चुका टाळा

श्रावण लागला की सावजी, म्हणजे नागपूरकडचं झणझणीत मसाल्याचं जेवण, खाणाऱ्या घरांत रविवारचा प्रश्न उभा राहतो. पोळा होईपर्यंत मटण-चिकन बंद, पण भात तर झणझणीतच पाहिजे. मग सोयावडी आणली जाते, नेहमीची मटण बिर्याणीची रेसिपी काढली जाते, मटणाच्या जागी वडी टाकली जाते आणि ताटात येते काय, तर वर कोरडा भात, मधे चिवट वडी आणि गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाला करपलेला मसाला. सगळे म्हणतात वडीत काही दम नाही. माझं म्हणणं आहे की वडी चांगलीच आहे, फक्त तिला मटण समजून शिजवू नका.

मटण शिजताना स्वतःचं पाणी सोडते, चरबी सोडते, हाडाचा रस उतरतो आणि ते सगळं भाताला मिळते. वडी याच्या एकदम उलटी वागते. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरते त्याला उष्णता आणि दाब देऊन मशीनमधून काढतात, त्याची ही वडी, म्हणून तिच्यात चरबी जवळपास नसतेच, आणि ती सुकी असल्यामुळे जिथं ओल दिसेल तिथून ओढून घेते, मग ती ग्रेव्हीची असो की भाताची. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका आपोआप टळतात. तेल-तूप थोडं जास्त लागेल कारण वडी देणार नाही, ग्रेव्ही नेहमीपेक्षा सैल ठेवावी लागेल, आणि कच्च्या मटणाची बिर्याणी लावतो तशी कोरडी वडी खाली टाकून वर भात रचायचा तर विचारही करू नका.

भिजवण्यातच खरी गडबड होते

बहुतेक जण घाईत वडी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवतात, हलकी पिळतात आणि टाकतात ग्रेव्हीत. मग सोयाबीनचा तो कच्चा वास सगळ्या भातात उतरतो आणि मसाला कितीही टाका, जात नाही. १०० ग्रॅम वडीला साधारण १ लिटर पाणी चांगलं खळखळ उकळा, त्यात चमचाभर मीठ टाका, वडी टाकून ५ मिनिटं उकळू द्या, मग गॅस बंद करून झाकून १० मिनिटं. हे पाणी बघा कसं दिसते, पिवळसर आणि वर फेस. वासाचा बराचसा भाग याच पाण्यात उतरलेला असतो, म्हणून ते ग्रेव्हीत वापरायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या. मग थंड पाण्यात वडी दोन-तीनदा धुवायची, प्रत्येक वेळी दोन्ही तळव्यांत धरून चेपायची, निघणारं पाणी स्वच्छ दिसलं की झालं. शेवटचं पिळणं जोरात करा, एक थेंब पडेनासा होईपर्यंत, वडी तुटत नाही, घाबरू नका. एक वडी सुरीनं मधोमध कापून बघायची, आत पांढुरका कडक ठिपका दिसला तर अजून भिजली नाही. मोठ्या वड्यांचे दोन तुकडे करा म्हणजे मसाला आतपर्यंत जातो.

पिळण्याचा एवढा आग्रह कशासाठी, तर वडीत साधं पाणी भरलेलं असेल तर मसाल्याला आत जायला जागाच नसते.

पिळलेली वडी दोन चमचे तेलात हळद-मीठ टाकून ४-५ मिनिटं परता, कडा लालसर झाल्या पाहिजेत. ही पायरी पुष्कळ लोक सोडतात आणि मग वडी लिबलिबीत लागते. थोडी कोमट झाली की फेटलेल्या दह्यात टाका. एकदम गरम टाकली तर दही फाटू शकते, दह्यात चमचाभर बेसन फेटून घेतलं तर ती भीती कमी होते. दह्यातच आलं-लसूण, तिखट, मसाला, मीठ आणि अर्धी वाटी पाणी.

आता रात्रभर मुरवायची का? नाही. मटण दह्यात रात्रभर ठेवतात ते मऊ व्हावं म्हणून. वडीत मांसाचे धागे नाहीतच मऊ करायला, तिला फक्त चव प्यायची असते आणि त्याला अर्धा तास भरपूर झाला. त्यात नागपूरचा मे महिना असेल, पारा ४५ च्या आसपास, तर ओट्यावर ठेवलेलं दही तासा-दोन तासात आंबट होऊन जाते, मग अख्खी बिर्याणी आंबट. उन्हाळ्यात मुरवणं फ्रिजमध्येच.

मसाला कमी, ओल जास्त

सावजी मसाला रस्स्यासाठी जेवढा टाकता तेवढा भातात टाकू नका. त्यात सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, काळी मिरी असं सगळं भाजून घातलेलं असते, आणि दम देताना बुडाला पहिले खोबरं आणि खसखसच लागते, तिथूनच कडवटपणा वर चढतो. पाव किलो तांदूळ आणि १०० ग्रॅम वडीला दोन छोटे चमचे मसाला पुरतो. भिवापुरी मिरचीचं तिखट वापरत असाल तर जपून, नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची ही जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालेली मिरची रंगही देते आणि ठसकाही तेवढाच. नुसता रंग पाहिजे असेल तर अर्धी बेडगी मिसळा.

मिठाची चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येते. वडीला स्वतःची चवच नाही, त्यामुळे भिजवायच्या पाण्यात, दह्यात आणि भाताच्या पाण्यात, तिन्हीकडे मीठ पाहिजे. नंतर वरून भुरभुरलेलं मीठ आत जात नाही.

मुरलेली वडी तळलेल्या कांद्यावर, टमाटर गळेपर्यंत परतून, झाकण ठेवून ७-८ मिनिटं शिजवायची. सराटा (उलथनं) फिरवला की ग्रेव्ही बुडाला पातळशी पसरली पाहिजे. घट्ट गोळा झाला असेल तर पाऊण वाटी गरम पाणी टाका, खरंच टाका, कारण दमावर वडी ते पिणारच आहे.

तांदूळ आणि दम

थरांची बिर्याणी करायची तर जुना बासमती घ्या, अर्धा तास भिजवा, भरपूर खारट पाण्यात उकळा आणि शीत नखानं दाबल्यावर दोन-तीन तुकडे होऊन आत बारीक पांढरा कण दिसतो तेव्हा लगेच उपसा. आपल्याकडे विदर्भात घरोघरी एचएमटी किंवा चिन्नोर तांदूळ असतो. एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलं, तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला नाव पडलं, आणि खायला तो तांदूळ इतका चांगला आहे की मला बासमतीपेक्षा तोच आवडतो. पण तो बारीक आणि आखूड, पटकन शिजतो, थर लावून दम दिला की त्याचा गोळा होतो. त्याचा एका गंजात मसालेभात करा, एका वाटीला दोन वाट्या गरम पाणी, १० मिनिटंच भिजवायचा, आणि वडी आधी नीट भिजवून पिळलेली असली पाहिजे, नाहीतर ती तांदळाच्या वाटचं पाणी पिऊन टाकते आणि तांदूळ कच्चा राहतो. बासमतीवर खर्च करून नाराज होण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

दम मटणासारखा पाऊण तास द्यायचा नाही. इथं सगळं शिजलेलंच आहे. गंजाखाली तवा, पहिली ३-४ मिनिटं मध्यम आच, मग १० मिनिटं एकदम मंद, गॅस बंद केल्यावर आणखी १० मिनिटं झाकण उघडू नका. थर लावताना भातावर दोन चमचे तूप, पुदिना, सांभार (कोथिंबीर), तळलेला कांदा, आणि हात आखडता घेऊ नका.

बिघडलीच तर

भात वरून कडक राहिला असेल तर अर्धी वाटी गरम दूध किंवा पाणी शिंपडा, ओलं फडकं टाकून झाकण, तव्यावर ८ मिनिटं. भात जास्त शिजला तर ढवळू नका, परातीत पसरवा आणि पंख्याखाली ठेवा. बूड लागल्याचा वास आला की खरवडायचं नाही, वरचा भात अलगद दुसऱ्या गंजात काढा आणि खालचा सोडून द्या. खारट झाली तर साधा भात मिसळा, दुसरा उपाय मला तरी भरवशाचा वाटत नाही. कच्चा वास मात्र शेवटी जात नाही, पुदिना-लिंबानं थोडा दबतो एवढंच.

वडीऐवजी कच्चा फणस घेतला तर आधी तळून घ्या, तो मसाला छान धरतो. मशरूम उलट पाणी सोडते, तेव्हा ग्रेव्ही आटवूनच थर लावा. सोया चापमध्ये मैदा असतो, ती जास्त वेळ शिजवली की फुगून पिठूळ लागते. नागपूरच्या इतवारी बाजारातून सुटी वडी आणत असाल तर मूठभर हातात घेऊन वास घेऊनच घ्या, जुनाट वास आला तर तो उकळूनही पूर्ण जात नाही. आणि बिर्याणी उरली तर दुसऱ्या दिवशी तशीच गरम करू नका, रात्रभरात वडीनं भातातली ओल ओढून घेतलेली असते, दोन-तीन चमचे पाणी शिंपडून झाकून वाफ द्या.