बाबासाहेबांची राजकीय कारकीर्द त्यांच्या वृत्तपत्रांतून कशी अभ्यासावी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या राजकारणाचा अभ्यास पक्षस्थापनेपासून सुरू करू नये; तो ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक' या पाक्षिकापासून सुरू करावा. वहीत दोन रकाने आखून एकात पत्रांच्या आणि दुसऱ्यात परिषदा, सत्याग्रह व निवडणुका यांच्या तारखा लिहाव्यात, म्हणजे लेखणी कुठे पुढे होती आणि कुठे घटनेच्या मागोमाग आली, हे लगेच ध्यानात येते.

पहिला अंक सावकाश वाचावा. शीर्षाखाली तुकोबांचा अभंग आहे, आणि 'नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण' या त्यातल्या चरणाने पत्राच्या नावाचा उलगडा होतो. अग्रलेखात आगबोटीचा दाखला आहे: इतरांचे नुकसान व्हावे म्हणून एखाद्या उतारूने बोटीच्या बुडाला छिद्र पाडले, तर आधी किंवा मागाहून त्यालाही जलसमाधी घ्यावीच लागेल. पुढच्या साऱ्या राजकारणाचे बीज मला या दाखल्यात दिसते. तो स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावा.

संपादक म्हणून छापलेल्या नावावर विसंबू नये. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्यामुळे पत्रावर पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पैशाचीही नोंद घ्यावी: पत्रासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते.

सर्वाधिक वेळ १९२७ या वर्षाला द्यावा. वर्षाच्या आरंभी ते मुंबईच्या कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून आले, १९ व २० मार्चला महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. या दोन आठवड्यांच्या अंतरात, सभेत उच्चारलेली मागणी छापील युक्तिवाद कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने दोन्ही पत्रांचे अंक पुन्हा छापले आहेत. निवडक उताऱ्यांवर न थांबता ते अंक सलग वाचावेत, कारण स्फुटांतूनही लढ्याचा रोजचा व्याप कळतो.

त्यानंतर २४ नोव्हेंबर १९३० च्या 'जनता'कडे वळावे. पहिली गोलमेज परिषद १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये सुरू झालेली होती आणि संस्थापक तिथे होता. तरीही पत्र मुंबईत देवराव नाईक यांच्या संपादकत्वाखाली निघाले. म्हणजे तोवर पत्र चालवणारी माणसे तयार झाली होती, आणि १९३६ साली बाबासाहेबांनी स्थापलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचा विचार करताना ही गोष्ट जमेस धरावी.