पंप खोलण्याआधी छिन्नीची एक रेघ

जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप दुरुस्तीहून आणून बसवला की बऱ्याचदा टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल नेमकं कधी फवारायचं ती वेळ, हुकतं. इंजिन ठोकायला लागतं, नाहीतर सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि नुसता पांढरा धूर.

१. पंप खोलण्याआधी, पंपाची फ्लँज (नटांनी आवळायची कड) इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरला टेकते तो भाग डिझेल आणि तारेच्या ब्रशने लख्ख करा. मातीच्या थराखाली फ्लँजवर आणि कव्हरवर कंपनीची रेघ बहुतेक सापडतेच.

२. रेघा जुळत नाहीत, पण ट्रॅक्टर चांगला चालत होता? मग आहे त्याच जागी बारीक छिन्नीने दोन्हींवर मिळून एक रेघ हलकेच उठवा. मी एकदा रंगाने खूण केली होती. पंप धुतला आणि खूणही धुतली गेली.

३. बसवताना रेघेला रेघ लावून मगच नट आवळा. फ्लँजची भोकं लांबट असतात, पंप जरासा फिरला तरी फरक जाणवतो. मग एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढा.

पंप बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवू नका. आणि पंपच दुसरा टाकला, तर या रेघेवर विसंबू नका, टायमिंग मिस्त्रीकडून नव्याने लावून घ्या.