अठरा पूर्ण होण्याआधी कागद हातात घ्या

दहावीच्या निकालानंतर पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला मी नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसलो होतो. 'वडिलांचे नाव', 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' या रकान्यांपाशी येऊन कॅफेवाल्या दादाचा कीबोर्डवरचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी स्क्रीनकडे. बालगृहातल्या ताई सोबत होत्या म्हणून निभावलं. अनाथ प्रमाणपत्र मात्र जवळ नव्हतं. मग सरळ खुल्या प्रवर्गातून अर्ज केला. सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळाली, आणि फी ताईंनी चार जणांकडे शब्द टाकून जमवली.

आज मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बालगृहातून मागून येणाऱ्या भावंडांना कळकळीनं सांगतो, फीची सोय होते. कागदांची सोय आपल्यालाच लावावी लागते, तीही बालगृहात असतानाच.

महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. 2023 च्या शासन निर्णयात संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन गट आहेत, त्यामुळे आजीकडे किंवा मामाकडे वाढलेली मुलंही त्यात बसतात. अट एवढीच, की तुम्ही अठरा वर्षांचे होण्याआधी आई-वडील दोघंही गेलेले असावेत. आई आहे, पण परिस्थितीमुळे तिनं बालगृहात ठेवलं, अशी आमच्यात कितीतरी मुलं होती. त्यांना हे प्रमाणपत्र मिळत नाही. त्यांनी जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरच्या महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना बघाव्यात.

प्रमाणपत्रासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून सुरुवात करा. माझं घोडं अडलं ते नावावर. मुलाला बालगृहात ठेवण्याचा आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीच्या कागदावर माझं नुसतं नाव होतं, शाळेनं पुढे आडनाव लावलं होतं, आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच. तीन कागद, तीन मुलं! ते एक करण्यात डिप्लोमाचं अख्खं दुसरं वर्ष गेलं. म्हणून आजच समितीचा आदेश, शाळेचा दाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आदेशाची साक्षांकित प्रत मागून घ्या. संस्था सोडल्यावर तोच कागद मागायला गेलात, तर तुम्हाला ओळखणारं माणूस तिथे असेलच असं नाही.

प्रमाणपत्राचा उपयोग मला डिग्रीला झाला. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या अनाथांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, मुलगा असो की मुलगी. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर नाही. त्यामुळे 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची स्वनाथ शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला 50,000 रुपये, डिप्लोमा आणि डिग्री दोन्हींसाठी. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते आधी बघा.

फी सुटली तरी रोजचं जेवण उरतंच. अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडावं लागतं. बाल न्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये त्यानंतरच्या मदतीची, म्हणजे अनुरक्षणाची तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून त्यासाठी महिन्याला 4,000 रुपये मिळू शकतात. एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. आई किंवा वडील हयात असले तरी संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे मागता येतं. अर्ज वाढदिवसानंतर नको, काही महिने आधीच द्या.

आणि दिवाळी. पहिल्या वर्षी हॉस्टेलची मेस बंद होणार हे मला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कळलं. सगळे बॅगा भरत होते आणि मी कपडे धूत बसलो होतो. दिंडोरीचा रूममेट काही न विचारता म्हणाला, "चल, बागेत माणूस कमीच आहे." आठ दिवस त्यांच्या द्राक्षबागेत फुटवे काढले. त्याच्या आईनं निघताना चकल्यांचा डबा दिला, वर म्हणाली, "डबा परत आणायचा, म्हणजे यावं लागेल." दुसऱ्या वर्षी मी गणपतीतच वॉर्डन सरांना भेटून सुट्टीत खोली उघडी ठेवायची परवानगी लेखी घेतली. तुम्हीही घ्या. सर चिडत नाहीत, फक्त त्यांना आधी सांगावं लागतं.