रक्त चढवताना पांढऱ्या पेशी गाळण्याची रीत
थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागते आणि दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे त्याला थंडी-ताप येऊ शकतो. म्हणून खाटेपाशीच ल्युकोसाइट फिल्टर, म्हणजे पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी, जोडतात. रक्तगट व पिशवीचा क्रमांक पडताळून फिल्टरची नळी पिशवीत घट्ट बसवावी, पिशवी उंच टांगावी आणि क्लॅम्प सावकाश उघडून फिल्टर रक्ताने पूर्ण भिजू द्यावा, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग निकामी ठरतो. ही काही चहाची गाळणी नव्हे: पॉलिएस्टरच्या सूक्ष्म तंतूंच्या सच्छिद्र थरांना पांढऱ्या पेशी बऱ्याच अंशी चिकटून बसतात, तर लवचीक तांबड्या पेशी अंग चोरून निसटतात. म्हणूनच प्रवाह मंदावला तरी पिशवी दाबू नये; अडकलेल्या पेशी पुढे ढकलल्या जाण्याचा धोका असतो. पिशवी ४ तासांच्या आत संपवावी. प्लेटलेटसाठी वेगळा फिल्टर लागतो. माझ्या मते, शक्य तेथे रक्तपेढीत साठवणीपूर्वीच गाळलेले रक्त मागावे, कारण साठवणीदरम्यान पांढऱ्या पेशींतून रक्तात उतरलेली ताप आणणारी द्रव्ये खाटेजवळच्या फिल्टरला पुरेशी अडवता येत नाहीत.