मीटिंग बूथ आणि आग : या चुका टाळा

ऑफिसात आगीची मॉक ड्रिल चालू होती. मजला रिकामा झाला, सगळे खाली जमले, हजेरी झाली आणि एक नाव कमी पडलं. ड्रिल असल्यामुळे मला परत वर जाता आलं. कोपऱ्यात कॉल आणि मीटिंगसाठी ठेवलेल्या, आवाज अडवणाऱ्या काचेच्या बूथमध्ये आमची एक सहकारी पाठमोरी बसली होती. कानावर हेडफोन, समोर लॅपटॉपवर चार चेहरे. बाहेर भोंगा इतका जोरात चालू होता की मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी काचेवर टकटक केली, तर तिने मागे न बघताच दोन बोटं वर केली. म्हणजे, दोन मिनिटं थांबा.

खरी आग असती तर तिला आणायला कोणाला वर पाठवता आलं नसतं. तेव्हापासून कुठेही असा बूथ दिसला की मी आत बसतो, दार लावतो आणि काय ऐकू येतं, काय दिसतं ते बघतो.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. बूथची खरेदी टेबल-खुर्च्यांच्या यादीत होते, पण त्याला भिंती असतात, छत असतं, दार असतं, वीज असते आणि आत माणूस बसतो. म्हणजे ती खोलीच झाली. बांधलेल्या खोलीचा नकाशा अग्निसुरक्षेच्या नजरेखालून जातो. बूथ मात्र खोक्यांतून येतो, दिवसभरात जोडून होतो आणि दुसऱ्या दिवशी वापरात येतो. मधे कोणी काही विचारत नाही.

भोंगा आत ऐकू येईलच, असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

बूथ आवाज किती अडवतो हे मोजण्यासाठी आयएसओ २३३५१-१ हे मानक २०२० साली आलं. माणसाच्या बोलण्याचा आवाज बूथच्या भिंतीतून जाताना किती डेसिबलने कमी होतो, ते त्यातून कळतं. ३० ते ३३ डेसिबल कमी करणारा बूथ 'ए' वर्गात आणि ३३ च्या वरचा 'ए प्लस' मध्ये. विक्रेता हा आकडा अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण भिंत बोलणं अडवते तसा भोंगाही अडवते.

हिशोब करून बघा. बूथच्या बाहेर भोंग्याचा आवाज ७५ डेसिबल आहे. बूथने त्यातले ३० खाल्ले तर आत उरले ४५. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे आतल्या माणसाच्या स्वतःच्या आवाजाखालीच भोंगा दबून जातो, आणि हेडफोन तर अजून धरलेलाच नाही. ब्रिटिश मानक बीएस ५८३९-१ प्रमाणे अलार्म सर्वसाधारणपणे ६५ डेसिबल, किंवा आसपासच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त, ऐकू यायला हवा. अमेरिकेतल्या एनएफपीए ७२ या अलार्मच्या मानकाची अपेक्षा सरासरी गोंगाटाच्या वर १५ डेसिबलची आहे. ४५ दोन्हीकडे नापास.

हा हिशोब ढोबळ आहे. बूथचा आकडा बोलण्याच्या आवाजावर काढलेला असतो, आणि पातळ भिंती खर्जापेक्षा टिपेचा आवाज जास्त अडवतात. त्यामुळे कर्कश, उंच सुराचा भोंगा आत जाताना आणखी क्षीण होऊ शकतो. म्हणून माहितीपत्रकातल्या आकड्यावर न थांबता प्रत्यक्ष मोजा. अलार्मची नेहमीची चाचणी असेल त्या दिवशी बूथमध्ये बसा, दार पूर्ण लावा, पंखा चालू ठेवा आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर साउंड मीटर धरा. मोबाइलवरचं अॅप अंदाजापुरतं ठीक. नोंद करायची असेल तर कॅलिब्रेट केलेलं मीटर आणा. प्रत्येक बूथ वेगळा मोजा, कारण भोंग्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. शेवटी हेडफोन लावून, खरा कॉल चालू ठेवून एकदा बसा. मीटरला जे कळत नाही ते तिथे कळतं.

आकडा कमी आला की बाहेरच्या भोंग्याचा आवाज वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा. ३० डेसिबल अडवणाऱ्या बूथमध्ये ६५ पोहोचवायचे तर बाहेर ९५ लागतील. भोंग्याखाली बसणाऱ्यांना ते असह्य होईल आणि एकमेकांना दिलेल्या सूचनाही कोणाला ऐकू येणार नाहीत.

खरा उपाय म्हणजे बूथच्या आतच छोटा भोंगा आणि लुकलुकणारा दिवा बसवून तो इमारतीच्या फायर पॅनेलला, म्हणजे सगळे अलार्म जिथून चालतात त्या पेटीला, जोडणं. दिवा ऐच्छिक समजू नका. ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांच्या कानावर हेडफोन आहे, त्यांच्यासाठी तोच अलार्म आहे. युरोपात अशा दिव्यांसाठी ईएन ५४-२३ हे मानक आहे. त्यात दिव्याचा उजेड किती जागेपर्यंत पोहोचतो ते तपासलेलं असतं. बाहेरच्या भिंतीवरचा दिवा काचेतून दिसतो असं कोणी म्हणालं तर खुर्ची कोणत्या बाजूला तोंड करून आहे ते बघा. आमची सहकारी पाठमोरीच बसली होती.

दोन अर्धवट उपायही सर्रास दिसतात. पहिला म्हणजे अलार्म वाजताच बूथची वीज तोडणारा रिले. स्क्रीन बंद झाली की माणूस बाहेर बघेल, ही कल्पना. पण लॅपटॉप बॅटरीवर चालतो, कॉलही चालूच राहतो. भोंगा-दिव्याच्या जोडीला रिले चांगला, त्यांच्या जागी नाही. तो लावलाच तर आतला दिवा विझणार नाही अशी जोडणी करा. अंधारात दाराची मूठ चाचपडायला लावू नका. दुसरा उपाय म्हणजे घरात लावतात तसला बॅटरीवरचा सुटा स्मोक अलार्म आत चिकटवणं. तो बूथमधला धूर ओळखतो. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला आग लागली असेल तर त्याच्यापर्यंत धूर येईस्तोवर बराच उशीर झालेला असतो.

छत बंद, तरी वरचे डिटेक्टर आणि स्प्रिंकलर पुरतील असं मानणं

आता उलट बाजू बघू : आगच बूथमध्ये लागली तर? चार्जिंगला लावलेली पॉवर बँक हे त्यातलं एक शक्य कारण. लिथियम-आयन सेल बिघडून तापत गेला की ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि थोड्याच वेळात धूर व ज्वाळा बाहेर पडतात. एका माणसाच्या बूथमध्ये हवा असते दोन-तीन घनमीटर. ती धुराने भरायला फार वेळ लागत नाही. खोलीच्या छताला लावलेल्या, धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरला मात्र हे उशिरा कळतं, कारण मधे बूथचं छत आहे.

पाण्याचंही तेच. छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची लाल काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि मग पाणी सुटतं. बूथच्या छताखाली आग असेल तर ती उष्णता वर पोहोचेपर्यंत वेळ जातो, आणि पाणी सुटलं तरी ते बूथच्या छतावर पडतं. एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी मानकात ४ फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे १.२ मीटरपेक्षा, रुंद स्थिर अडथळ्याखाली स्प्रिंकलर लागतो. त्याच मानकाप्रमाणे साध्या स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरखाली (पाणी पसरवणाऱ्या चकतीखाली) १८ इंच मोकळी जागा सोडायची असते. एकट्याचा बूथ या रुंदीच्या आत बसू शकतो, चौघांचा बसत नाही. तुमच्या ठिकाणी कोणता नियम लागू आहे आणि बूथला फर्निचर मानायचं की खोली, हे अग्निशमन सल्लागार आणि विमा कंपनीला ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा. बूथ बसल्यावर विचारलं तर उत्तर महाग पडतं.

डिटेक्टरच्या बाबतीत बीएस ५८३९-१ मधल्या दोन गोष्टी फार उपयोगी आहेत. डिटेक्टरच्या खाली आणि भोवती ५०० मिलिमीटर जागा मोकळी हवी. आणि एखादी आडभिंत छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत पोहोचत असेल तर ती पूर्ण भिंतच धरायची. साधारण सव्वादोन मीटर उंचीचा बूथ उंच छताखाली चालून जातो. खोट्या छताच्या बुटक्या मजल्यावर तोच बूथ खोलीचे दोन तुकडे करतो.

बूथच्या आत पॅनेलशी बिनतारी जोडलेला डिटेक्टर बसवता येतो. पण छताला भोक पाडल्यावर बूथची वॉरंटी आणि आगीचं प्रमाणपत्र टिकतं का, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. काही बूथमध्ये त्यासाठी जागा आधीच सोडलेली असते. अशा बूथला पसंती द्या.

बूथच्या छतावर कधी नजर टाकली आहे? मी टाकतो. रिकामी खोकी, जुन्या केबल, सजावटीचं सामान. पंख्याचा वारा बाहेर पडायची जागा बऱ्याचदा तिथेच असते, दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हरही तिथेच तापतात. ते सामान आजच उतरवा.

पंखा स्वतःही विचारात घ्या. तो मजल्यावरची हवा आत ओढतो. हवेत धूर असेल तर धूरही ओढतो. अलार्म झाल्यावर पंखा आपोआप थांबेल अशी जोडणी करून घ्या.

रिकामा कोपरा दिसला की तिथे बूथ ठेवणं

बूथमधून बाहेर पडलेला माणूस थेट जिन्यावर पोहोचत नाही. त्याला आधी बाहेरचा हॉल ओलांडावा लागतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आणि मग वाटेवर, अशा आतल्या खोलीसाठी इंग्लंडच्या बांधकाम मार्गदर्शिकेत तीन पर्याय आहेत : भिंत छताच्या ५०० मिलिमीटर खालीच थांबवा, किंवा बाहेरची आग दिसेल अशी काच ठेवा, किंवा बाहेरच्या खोलीत डिटेक्शन बसवा. बूथला काच असते म्हणून आपण निर्धास्त असतो. मग कोणीतरी एकांतासाठी काचेवर दुधी फिल्म किंवा मोठा लोगो चिकटवतो आणि ती काच असून नसल्यासारखी होते. फिल्म हवीच असेल तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरचा पट्टा मोकळा सोडा.

दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे कोणी बेशुद्ध पडलं तर ते उघडता येत नाही. पण बाहेर उघडणारं दार पॅसेजमध्ये येऊन वाट अरुंद करतं. म्हणून वाटेची रुंदी दार पूर्ण उघडून मोजा. आणि बाहेर जाण्याची पाटी, अलार्मचं काचेचं बटण, अग्निशामक सिलिंडर यांतलं काही बूथमागे झाकलं जात नाही ना, ते मजल्याच्या प्रत्येक टोकाला उभं राहून बघा.

प्रमाणपत्र आहे एवढ्यावर समाधान

कागद कशाचा आहे ते वाचा. खुर्ची-सोफ्यासाठी ईएन १०२१-१ ही जळत्या सिगारेटची चाचणी असते. तिचा कागद दाखवून भिंतीवरचं फेल्टचं जाड कापड सुरक्षित असल्याचं सांगितलं जातं, ते चालणार नाही. भिंतीच्या थरांसाठी ईएन १३५०१-१ चा वर्ग मागा. 'बी-एस१, डी०' असं लिहिलं असेल तर 'बी' आगीला मिळणारी साथ सांगतं, 'एस१' धूर कमी असल्याचं आणि 'डी०' पेटते थेंब गळत नसल्याचं. अमेरिकी एएसटीएम ई८४ चा 'ए' वर्ग असेल तर ज्वाळा पसरण्याचा आकडा ० ते २५ च्या आत असतो, पण धुराचा आकडा ४५० पर्यंत चालतो. इतक्या छोट्या जागेत धुराचा आकडा मी आधी बघतो. चाचणी नुसत्या कापडाची झाली आहे की कापड, गोंद, फोम आणि फळी एकत्र असलेल्या भिंतीची, हेही विचारा. पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो.

आणि नंतर आवाज घुमतोय म्हणून दुहेरी टेपने चिकटवलेले फोमचे चौकोन? त्यांचा त्या प्रमाणपत्राशी काही संबंध नसतो. काढून टाका.

वीज

एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा जोडून वीज नेऊ नका. गालिच्याखालून वायर नेऊ नका. आत हीटर लावू नका. पंख्याची जाळी धुळीने भरली की आत गुदमरतं आणि लोक दारात खुर्ची अडकवतात, म्हणून जाळी ठरलेल्या दिवशी साफ करा. चार्जर गरम लागतो, सॉकेट पिवळं पडलं आहे, जळका वास येतो, यांतलं काहीही दिसलं तर बूथ बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बूथ हलवला, अलार्म विसरला

काही बूथना चाकं असतात, सुटे भाग असतात, आणि बैठकव्यवस्था बदलली की तो सरकतो. आतला भोंगा पॅनेलला वायरने जोडलेला असेल तर हलवणारी माणसं ती वायर सोडवून खोट्या छतात टाकून देतात. बूथ नव्या जागी उभा राहतो, दिवा लागतो, पंखा फिरतो. भोंगा मुका झाला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

पॅनेलवर फॉल्ट, म्हणजे बिघाडाचा इशारा, दिसत असेल तर पहिल्यांदा हीच वायर शोधा. बिनतारी असेल तर नव्या जागी सिग्नल पोहोचतो का आणि बॅटरी शिल्लक आहे का ते बघा. फॉल्ट नाही पण भोंगाही वाजत नाही, असं असेल तर तो पॅनेलमध्ये कोणत्या झोनला, म्हणजे इमारतीच्या कोणत्या भागाला, जोडला आहे ते तपासा. बूथ एका झोनमधून दुसऱ्यात गेला आणि पॅनेलमध्ये जुनीच नोंद राहिली, असं होतं. बूथ हलवल्यावर अलार्म वाजवून बघेपर्यंत दाराच्या मुठीला 'वापरू नका' अशी पाटी अडकवा. ती कोणी काढायची, त्याचं नाव पाटीवरच लिहा.