हृदय उजवीकडे असलेल्या मुलाच्या शिकण्याकडे कसे लक्ष द्यावे

एक्स-रेमध्ये हृदय उजवीकडे आणि सोनोग्राफीत यकृत डावीकडे दिसले, की डॉक्टर ‘सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस’ हे नाव सांगतात. साधारण 10,000 माणसांमागे एकाच्या शरीरात अशी आरशातल्यासारखी मांडणी असते. हृदयाची काळजी मिटल्यावर पालक हमखास विचारतात, की मग मेंदूही उलटा असेल का आणि मुलाला शिकणे जड जाईल का.

या प्रश्नाचे उत्तर आधी पक्के समजून घ्यावे. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात सिलिया नावाचे सूक्ष्म केस फिरून द्रव डावीकडे ढकलतात आणि त्यावरून अवयवांच्या बाजू ठरतात, हे उंदरांच्या गर्भावर जपानमध्ये झालेल्या संशोधनातून 1998 मध्ये दिसले. मेंदूतील भाषेची बाजू मात्र या प्रवाहाच्या मागोमाग जात नाही. 1999 पासून अवयव उलट असलेल्या ज्या मोजक्या व्यक्तींच्या मेंदूचे एफएमआरआय (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे दाखवणारी तपासणी) झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांची भाषा इतरांसारखी डाव्या अर्धगोलातच आढळली. म्हणून ‘उजव्या मेंदूचे मूल’ असे समजून वेगळी अध्यापनपद्धती शोधण्यात वेळ घालवू नये.

हाताचेही तसेच आहे. अशी मुले बहुधा उजव्या हातानेच लिहितात. तरीही अंदाज न बांधता मूल चेंडू कोणत्या हाताने फेकते, खडू कोणत्या हाताने उचलते आणि कंगवा कोणत्या हाताने धरते, हे काही आठवडे पाहावे. ते डावखुरे निघाले, तर जेवताना किंवा लिहिताना हात बदलायला लावू नये. पाच-सहा वर्षांचे मूल कधी ३ किंवा ६ हा अंक उलटा काढते, तेव्हा त्याचा संबंध हृदयाशी जोडला जातो. वास्तविक या वयात बहुतेक मुलांकडून तसे होते. आठव्या वर्षानंतरही वाचन अडखळत असेल, तर इतर कोणत्याही मुलाप्रमाणेच अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी.

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष कानांकडे द्यायला हवे, आणि नेमके तेच राहून जाते. अवयव उलट असलेल्या साधारण चौघांपैकी एकाला प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया असतो. त्यात नाक, कान आणि श्वासमार्गातील सिलियाही नीट हलत नसल्याने बारमाही ओला खोकला आणि जन्मापासून चोंदलेले नाक यांच्या जोडीला कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठून राहतो. अशा मुलाला आवाज ऐकू येतो, पण शब्दांच्या कडा पुसट होतात, ‘त’ आणि ‘प’ यांतला फरक निसटतो, आणि शिक्षकांना ते मूल लक्ष न देणारे वाटते. ही लक्षणे असतील, तर फुप्फुसतज्ज्ञांकडून नाकातील नायट्रिक ऑक्साइडची चाचणी किंवा जनुकीय तपासणी करून घ्यावी. त्याबरोबरच ऑडिओमेट्री (किती ऐकू येते याची चाचणी) आणि टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का याची चाचणी) करावी, आणि ऐकण्यात चढउतार होत असल्याने एका चाचणीवर न थांबता त्या ठरावीक काळाने पुन्हा कराव्यात.

शाळेत मुलाला पहिल्या बाकावर, शिक्षकांचा चेहरा दिसेल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून सांगितलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कफ सुटण्यासाठी रोज सकाळी छातीचा व्यायाम करावा लागत असेल, तर पहिल्या तासाला थोडा उशीर चालेल, असे वर्गशिक्षकांकडून लेखी ठरवून घ्यावे. अचानक दवाखान्यात न्यावे लागले तर उपयोगी पडावी म्हणून त्याच कागदावर हृदय उजवीकडे आणि अपेंडिक्स डावीकडे असल्याची नोंदही करावी.