सर्टिफिकेट आलं म्हणून टेबलामागे उभे राहू नका: ले पास्टर होणाऱ्यांनी या चुका टाळा

ले पास्टरचा, म्हणजे पाळकाचं (पास्टरचं) काम करणाऱ्या सामान्य सभासदाचा, कोर्स संपला, सर्टिफिकेट घरी आलं आणि पुढच्याच रविवारी प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीच्या) टेबलामागे उभे. ही चूक इतक्यांदा होते की बाकीच्या तिच्यापुढे किरकोळ वाटतात. तिच्याकडे वळण्याआधी शब्द नीट करून घेऊ, कारण निम्मा घोळ शब्दांतच आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए.बद्दल. तिथे ‘कमिशन्ड ले पास्टर’ हे नाव २०११च्या नव्या फॉर्म ऑफ गव्हर्नमेंटबरोबर (चर्चच्या कारभाराच्या नियमांबरोबर) गेलं. आता ‘कमिशन्ड रूलिंग एल्डर’ किंवा ‘कमिशन्ड पास्टर’ म्हणतात, बोलताना सीआरई. जुनी माणसं अजून जुन्या नावावरून सीएलपीच म्हणतात, म्हणोत. पण ‘ले’ (दीक्षा नसलेला) हा शब्द तसाही चुकीचाच होता. रूलिंग एल्डर म्हणजे मंडळीने (स्थानिक चर्चने) निवडलेला, हात ठेवून दीक्षा दिलेला वडील. त्याची दीक्षा आधीच झालेली असते, ती पुन्हा होत नाही. नव्याने मिळते ती फक्त नेमणूक. ‘कमिशन’ म्हटलं की मराठी माणसाला दलाली आठवते, तेव्हा आपण नेमणूकच म्हणू.

कोल्हापूर-मिरजेकडच्या वाचकांसाठी एक सूचना. तिकडचं अमेरिकन मिशन १८७०पासून प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे होतं, त्यामुळे ‘वडील’ म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको. मात्र १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर तिकडे बिशप आले, नियम वेगळे झाले. खालचं काही तिथे जसंच्या तसं लावायला जाऊ नका.

सर्टिफिकेटलाच अधिकार समजणं

बुक ऑफ ऑर्डरमध्ये, म्हणजे चर्चच्या नियमांच्या पुस्तकात, जी-२.१० हा भाग आहे. छोटासा आहे, एका चहात वाचून होतो, आणि तरीही तो न वाचता लोक दोन-दोन वर्षं कोर्स करतात. त्यात क्रम सरळ दिलाय. अमुक ठिकाणी अशा माणसाची गरज आहे, हे सेशनशी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांच्या मंडळाशी) बोलून प्रेसबिटरी (त्या भागातल्या मंडळ्यांवरची संस्था) ठरवते. त्या कामाला लागेल ते शिक्षण प्रेसबिटरीच ठरवून देते. मग परीक्षा घेते: वैयक्तिक विश्वास, हे काम मागण्यामागचा हेतू आणि शिकवलेले विषय. आणि त्यानंतर नेमणूक, ती एका ठरावीक मंडळीत किंवा सेवेत, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. पुढे वाढवता येते. दरवर्षी किमान एकदा आढावा.

आता बारकावा पाहा. सेशनचं अध्यक्षस्थान घेणं, बाप्तिस्मा व प्रभुभोजन देणं, लग्न लावणं, हे तीन अधिकार प्रेसबिटरी ‘देऊ शकते’. देतेच असं नाही. एखाद्याच्या नेमणूकपत्रात तिन्ही असतात, एखाद्याच्या पत्रात एकच. पत्रात नाही ते तुमच्याकडे नाही.

याचा बोजवारा कसा उडतो, ते दरवेळी साधारण एकाच चालीनं. चाळीसेक माणसांची मंडळी, वर्षभर पाळक नाही. एक बाई, चांगल्या वडील, नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स पुरा करतात. पवित्र गुरुवार (गुड फ्रायडेचा आदला दिवस) तोंडावर आलेला. सेशनमधला कुणीतरी प्रेमानं म्हणतो, “आता तुम्ही शिकलात की, बाहेरचा पाळक कशाला बोलवायचा?” बाई उभ्या राहतात. उपासना सुंदर होते, लोक रडतात. क्लार्क (सेशनचा चिटणीस) इमानदारीत मिनिट्समध्ये लिहितो की प्रभुभोजन अमुक वडिलांनी दिलं. प्रेसबिटरी सेशनचे मिनिट्स दरवर्षी तपासते, तिथे ही ओळ तपासणाऱ्याच्या नजरेत भरते. तुरुंगात कुणी टाकत नाही. पण बाईंची परीक्षा पुढच्या सभेत असते, आणि आता समिती धर्मशास्त्री कॅल्विनबद्दल विचारत नाही, विचारते, “तुम्ही कुणाला फोन केला होता?” केलेला नसतो. परीक्षा सहा महिने पुढे. मंडळी रागावते ती प्रेसबिटरीवर, आणि बाहेरून येणारा पाळकही यायला कुरकुर करतो.

एक फोन पुरला असता. गरज असेल तिथे प्रभुभोजनापुरती एखाद्या वडिलाला तयार करून परवानगी द्यायची सोय प्रेसबिटरीकडे आहे, नेमणुकीशिवायही. स्टेटेड क्लार्कला (प्रेसबिटरीच्या चिटणिसाला) विचारायचं, लेखी घ्यायचं. घरी अंथरुणाला खिळलेल्यांना उपासनेनंतर भाकर-प्याला नेऊन देणं तर सेशनच्या परवानगीनं वडील आणि डीकन (सेवाकार्यासाठी निवडलेले) करूच शकतात. ते त्याच उपासनेचं पुढचं वाढप आहे, वेगळं प्रभुभोजन नाही. म्हणून शक्यतो त्याच दिवशी न्यावं, पुढच्या बुधवारी नव्हे.

नेमणूक संपते तेव्हा काय होतं, हेही लोक विसरतात. मंडळी सोडली की अधिकार त्याच दिवशी गेला. ‘उपलब्ध’ म्हणून यादीत नाव राहू शकतं, पण यादीतलं नाव बाप्तिस्मा देऊ शकत नाही. शेजारच्या गावच्या मंडळीने एका रविवारसाठी बोलावलं तर उपदेश करा, खुशाल. प्रभुभोजनासाठी पुन्हा विचारा.

सवय अशी लावून घ्या: नेमणूकपत्राची झेरॉक्स उपासनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. अधिकाराच्या ओळींखाली शिसपेन्सिलीची रेघ. कोपऱ्यात तीन तारखा: नेमणूक सुरू, पुढचा आढावा, मुदत संपते. मुदतीच्या चार महिने आधी पत्र घाला, कारण प्रेसबिटरीच्या सभा वर्षातून मोजक्याच असतात आणि अजेंडा आधी बंद होतो.

लग्नाचं आणखी वेगळं. प्रेसबिटरीने अधिकार दिला तरी राज्याचा कायदा मध्ये येतोच. ओहायोत सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून परवाना लागतो, मिनेसोटात काउंटीकडे कागद दाखल करावे लागतात. मुलगी मांडवात आल्यावर हे शोधायचं नसतं.

फी आधी, चौकशी नंतर

उतावळ्यांचा आवडता प्रकार. डब्यूक सेमिनरीसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, पण कोणते विषय हवेत हे संस्था ठरवत नाही, तुमची प्रेसबिटरी ठरवते. एकीला आठ विषय लागतात, दुसरीला त्याखेरीज एखाद्या पाळकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. काही ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणीही असते. आधी सेशनचा पाठिंबा लेखी घ्या, मग प्रेसबिटरीच्या समितीला भेटा, मग पैसे भरा. आणि तुम्ही मुळात वडील नसाल तर सगळंच थांबवा. आधी मंडळीने निवडून दीक्षा द्यायला हवी. एकदा झालेली दीक्षा मात्र सेशनवरची मुदत संपली तरी राहते, हे लक्षात असू द्या. ‘मी सध्या सेशनवर नाही’ म्हणून मागे फिरणारेही दिसतात.

पॉलिटीचा (चर्चच्या कारभाराचा) विषय शेवटी ठेवू नका. कंटाळवाणा आहे, मान्य. पण वर लिहिलेली सगळी फजिती त्याच विषयातली आहे. बुक ऑफ कन्फेशन्समधले (चर्चच्या विश्वासाच्या घोषणांचं पुस्तक) बारा दस्तऐवज सारांशावरून पाठ करण्यापेक्षा त्यांतले बार्मेन (हिटलरच्या जर्मनीतला) आणि बेलहार (वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेतला) पूर्ण वाचा. दोन्ही छोटे आहेत, आणि संकटात मंडळी कशी बोलते ते कळतं.

टेबल आणि पाणी

हाताला सवय नसली की इथे फजिती होते. गोल पाव घेतात, वरचा पापुद्रा कडक, आणि नेमक्या “त्याने ती मोडली” या शब्दांवर पाव मोडतच नाही. मग कोपरं वर, चेहरा लाल, तुकडे जमिनीवर. उपाय स्वयंपाकघरातला आहे: सकाळी पाव उलटा करून खालच्या बाजूनं मधोमध सुरीनं दोन-तृतीयांश खोल चीर द्यायची. वरचं कवच अख्खं राहतं, लोकांना चीर दिसत नाही, आणि दोन अंगठ्यांत पाव एका झटक्यात दुभंगतो. ग्लुटेन चालत नाही अशांसाठी वेगळी बशी, आणि ती वेगळ्याच हातानं वाढायची. त्याच ताटात एका बाजूला ठेवली तर चुरा लागतोच.

पेल्यांचं ताट बहुतेक चाळीस छोट्या पेल्यांचं असतं. पेले दोन-तृतीयांशच भरा, काठोकाठ नाही. ताट हातोहात फिरतं आणि आजीबाईंचे हात थरथरतात. रस आदल्या रात्री ओतून ठेवू नका, काठाला चिकट वर्तुळ धरतं. अंदाज चुकतो तो कमी पडण्याकडेच. मोजलेल्या माणसांवर दहा पेले जास्त धरा.

प्रार्थनेची चूक याहून मोठी. १ करिंथ ११:२३-२६ वाचलं की झालं, असं समजून लोक उपकारस्तुतीची मोठी प्रार्थना गाळतात. गाळू नका. निमंत्रण, मग देवाची उपकारस्तुती, ख्रिस्ताचं स्मरण, पवित्र आत्म्याची याचना, भाकर मोडणं, वाटप. स्थापनेची वचनं (करिंथमधलीच वरची) निमंत्रणात, प्रार्थनेत किंवा भाकर मोडताना कुठेही येऊ शकतात. प्रार्थनेच्या बदली नाही. आणि प्रभुभोजन कधी, हे सेशन ठरवतं, तुम्ही नाही. निदान तिमाहीला एकदा तरी.

बाप्तिस्म्याला पाणी दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. वाटीत बोटं बुडवून कपाळ ओलं करणं म्हणजे टिळा लावल्यासारखं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, हेच शब्द, बदल नको. आधी सेशनची मंजुरी, नंतर क्लार्ककडून नोंदवहीत नोंद. आजोबांच्या हट्टाखातर घरच्या वाढदिवसात उरकलेला बाप्तिस्मा पुढे दाखला मागायला येतो, तेव्हा वहीत काही सापडत नाही.

छोट्या पण महाग पडणाऱ्या

सेशनची सभा प्रार्थनेनं उघडा आणि प्रार्थनेनंच मिटवा, नियमच आहे. मंडळीच्या सर्वसाधारण सभेत मनात येईल ते घेता येत नाही. अधिकाऱ्यांची निवड, पाळकाचं बोलावणं आणि नात्यातले बदल, जमीन-इमारतीची खरेदी-विक्री-गहाण असे विषय तिचे. हॉलच्या पडद्यांचा रंग सेशनने ठरवावा.

उपदेश वीस मिनिटांपुढे नेऊ नका. बारा चालतील.

मार्गदर्शक पाळक नेमलेला असतो, त्याला फक्त अडचणीत फोन करू नका. महिन्यातला एक ठरलेला दिवस, एक तास. प्रश्न आधी लिहून न्या.

“तुमचं बोलणं माझ्यापुरतंच राहील” हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. समुपदेशनातलं बोलणं गुप्त ठेवायचं असतं, पण लहान मुलावर किंवा मानसिक क्षमता नसलेल्या प्रौढावर अत्याचार होत असल्याचं किंवा तसा धोका असल्याचं कळलं, तर चर्चच्या आणि सरकारी अशा दोन्ही अधिकाऱ्यांना कळवणं दीक्षा झालेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी दिलेलं वचन मोडून तक्रार करायची म्हणजे माणूसही जातो आणि विश्वासही. बसल्याबसल्याच सांगा: “बहुतेक गोष्टी इथेच राहतील, कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर नाही.” लोक तरीही बोलतात. उलट मोकळेपणाने बोलतात.

परीक्षेला विश्वासाचं निवेदन म्हणून एक पान लागतं. इंटरनेटवरून उचललेलं पान पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं, कारण ‘इथे सार्वभौमत्व म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?’ याला उत्तर नसतं. ज्या शब्दाचा अर्थ तुम्ही मंडळीतल्या आठवीच्या मुलाला सांगू शकत नाही, तो खोडा. निवेदनात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन आहेत का, एवढं नक्की बघा. तेच मागायला उभे राहणारे नेमके तेच विसरतात. हेतूचा प्रश्न येईल तेव्हा ‘देवानं बोलावलं’ यावर थांबू नका. देवानं कुठे, कोणत्या मंडळीसाठी बोलावलं, त्या मंडळीत रविवारी किती माणसं येतात आणि आठवड्यातले किती तास तुमच्याकडे आहेत, हे समितीला आकड्यांत ऐकायचं असतं.